सूप दाट हवे, पण दाटपणा कशाचा?

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी अस्रच्या नमाजनंतर अम्मीला जानमाजवरून उठता येईना. ती पडली नव्हती, कुठे लागलेही नव्हते. सलाम फेरून दुआ मागितली, उठायला गेली आणि गुडघ्यांनी साथच दिली नाही. मी धावत जाऊन तिचा दंड धरला, तर तो अख्खा माझ्या मुठीत मावला. त्या क्षणी मला जे वाटले ते सांगणे कठीण आहे. ही तीच अम्मी, जी खेडला असताना डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन विहिरीवरून घरी यायची.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंकडे नेले. वजन चव्वेचाळीस किलो भरले. वर्षापूर्वीच्या कागदावर एकोणपन्नास होते. रक्त तपासले, लघवी तपासली, मोठे काही निघाले नाही. मग बाईंनी विचारले, "दिवसभरात काय काय खातात?"

मी जरा अभिमानानेच म्हणाले, "खाते की! चहा-खारी, मऊ भात, डाळीचे पाणी. कवळी नीट बसत नाही म्हणून पोळी चावत नाही. पण मी रोज दोन वेळा गरम सूप देते."

"सूप कशाचे?"

या दोन शब्दांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. कारण ते सूप पाकिटातले होते. उकळत्या पाण्यात पूड टाकायची, दोन मिनिटे ढवळायचे, दाटसर पांढरे सूप तयार. घरी येऊन मी पाकिटाची मागची बाजू पहिल्यांदा वाचली. एका कपात प्रथिने एक ग्रॅमच्या आसपास. बाकी सगळे कॉर्नफ्लोर, साखर, मीठ आणि वास. शाळेत मुलांना समतोल आहाराचा धडा शिकवणारी मी, घरात आईला महिनोन्‌महिने दाट पाणी पाजत होते.

गंमत अशी की अम्मीला ते आधीच कळले होते. पहिल्याच दिवशी चमचा तोंडात घालून ती म्हणाली होती, "ही तर खळ आहे गं, पतंग चिकटवायची." मी हसण्यावारी नेले होते.

हिशेब मांडून पाहू

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. पंचावन्न किलोच्या स्त्रीला त्या हिशेबाने सुमारे ४६ ग्रॅम आणि पासष्ट किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. वय साठीच्या पुढे गेले की शरीर खाल्लेल्या प्रथिनांचा पूर्वीइतका चांगला उपयोग करून घेत नाही. म्हणून ज्येष्ठांच्या आहाराचा अभ्यास करणारे तज्ज्ञ त्यांच्यासाठी दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगतात. म्हणजे अम्मीला दिवसाला किमान ४५ ते ५० ग्रॅम हवे होते.

तिला मिळत किती होते? चार कप चहातले दूध मिळून २०० मिलिलिटर, त्यातून ६ ग्रॅम. चार खाऱ्यांतून ३. दोन वेळचा मऊ भात ६. डाळीच्या वरच्या पाण्यातून २-३. माझ्या दोन कप सूपमधून २. सगळी बेरीज विसाच्या आत. खाणे चालू होते, पोट भरत होते, आणि तरी अंग झडत होते. शरीराला प्रथिने बाहेरून मिळाली नाहीत की ते आपल्याच स्नायूंमधून काढून घेते. जानमाजवर मला जे दिसले, ते हेच होते.

आपल्या घरांत हे फार वेळा घडते. घरात गोश्त शिजते, मासळी येते, पण दात नसलेल्या माणसाच्या ताटात फक्त रस्सा आणि भात पडतो. टायफॉइडमधून उठलेले पोर, बाळंतीण, तोंड आलेला रुग्ण, सगळ्यांना आपण पातळ आणि मऊ देतो. ते द्यायलाच हवे. पण मऊ म्हणजे पोकळ नव्हे, हे मला त्या दिवशी कळले.

दाटपणा कशाचा?

हॉटेलातल्या क्रीमच्या सूपला तो गुळगुळीत दाटपणा बहुधा तीन गोष्टींनी येतो : मैदा, कॉर्नफ्लोर आणि मलई. कॉर्नफ्लोर म्हणजे मक्याचे निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिने जवळजवळ शून्य. मलईत चरबी भरपूर, पण १०० मिलिलिटरमागे प्रथिने जेमतेम २ ग्रॅम. म्हणजे सूप जितके दाट, तितके ते पौष्टिक, हा आपला समज चुकीचा आहे. दाटपणा जिभेला फसवतो.

मग मी उलटा विचार केला. सूप दाट करायचेच आहे, तर ज्यात प्रथिने आहेत अशाच वस्तूंनी का करू नये? घरात बघितले तर त्या सगळ्या होत्या. १०० ग्रॅम मूगडाळीत २४ ग्रॅम प्रथिने, पनीरमध्ये १८-१९, चीजमध्ये २०, हिरव्या मटारात ७. एका मोठ्या कपभर, म्हणजे २५० मिलिलिटर दुधात ८. डाळीतही पिष्ट असते, पण ते एकटे येत नाही. शिवाय डाळीच्या प्रथिनांत मेथिओनिन नावाचा घटक कमी असतो, तो दूध-पनीर भरून काढते. अम्मा-खाला लोक खिचडीबरोबर दही खायचे ते उगीच नाही.

दोन-तीन आठवडे मी रोज काही ना काही बदलून पाहिले. जे शेवटी जमले, ते खाली देत आहे. थंडीत मटार, फ्लॉवर, गाजर स्वस्त असतात. आमच्या काशीगावच्या बाजारात तर खाडीपलीकडून वसईची ताजी भाजी येते. त्यामुळे हे सूप करायला हाच मोसम चांगला.

साहित्य (पाच मोठ्या वाट्यांसाठी)

सालीशिवायची मूगडाळ १०० ग्रॅम (साधारण अर्धा कप)
फ्लॉवरचे तुरे १५० ग्रॅम
गाजर १ मोठे
सोललेले मटार अर्धी वाटी (७५ ग्रॅम)
कांदा १ मध्यम
लसूण ४ पाकळ्या
पनीर १०० ग्रॅम
प्रोसेस्ड चीजचे क्यूब २ (५० ग्रॅम)
दूध १ कप (२५० मिलिलिटर)
पाणी अडीच कप
तूप किंवा लोणी १ मोठा चमचा
काळी मिरी पूड, चिमूटभर जायफळ, मीठ अगदी शेवटी

कृती

डाळ दोन पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजत घाला. कुकरमध्ये तूप गरम करून लसूण आणि चिरलेला कांदा परता. कांदा लाल करू नका, नुसता पारदर्शक होऊ द्या, नाहीतर सूपचा रंग मातकट येतो. त्यात फ्लॉवर, गाजराचे तुकडे, मटार आणि निथळलेली डाळ घाला. दोन मिनिटे परतून पाणी घाला आणि तीन शिट्या करा. आच मंद करून आणखी पाच मिनिटे ठेवा. डाळ बोटाने दाबली तर विरघळली पाहिजे.

कुकर उघडल्यावर मिश्रण थंड होऊ द्या. ही पायरी गाळू नका. मी एकदा घाईत गरम मिश्रण मिक्सरमध्ये घातले. आतल्या वाफेने झाकण उडाले आणि सूप छतापर्यंत गेले. चेहरा थोडक्यात वाचला, अल्हम्दुलिल्लाह. छतावरचा डाग अजून आहे. कोमट झाले की भांडे अर्धेच भरून दोन-तीन वेळा वाटा. दात असलेल्यांसाठी थोडे मटार आणि गाजर आधीच बाजूला काढून ठेवले तर चावायलाही काही मिळते.

आता पनीर. अर्धे पनीर आणि अर्धा कप दूध मिक्सरमध्ये एकत्र फिरवा. अगदी गुळगुळीत, सायीसारखे झाले पाहिजे. हीच आपली मलई. उरलेले पनीर बारीक किसून ठेवा. ज्यांना चावता येत नाही त्यांच्यासाठी करत असाल, तर सगळेच वाटून टाका.

वाटलेली डाळ-भाजी पातेल्यात घेऊन मंद आचेवर गरम करा. उरलेले दूध वेगळे गरम करून त्यात ओता. थंड दूध ओतू नका. एक उकळी येऊ लागली की आच अगदी कमी करा आणि पनीरची पेस्ट घाला, ढवळत राहा. मग गॅस बंद करा. त्यानंतर किसलेले चीज घाला आणि ते विरघळेपर्यंत एकाच दिशेने ढवळा. वरून किसलेले पनीर, मिरी पूड, जायफळ. आता चाखा, आणि मगच मीठ घाला. चीज स्वतःच खारट असते, बहुतेक वेळा चिमूटभर मीठ पुरते.

सगळ्याची बेरीज करा : डाळ २४, पनीर १८-१९, चीज १०, दूध ८, मटार ५, बाकी भाज्या ५. एकूण सुमारे ७० ग्रॅम. पाच वाट्या केल्या तर एका वाटीत १४ ग्रॅम प्रथिने. दोन अंड्यांहून जरा जास्तच. खर्च माझ्या हिशेबाने पाच वाट्यांना सव्वाशे-दीडशे रुपये येतो.

पनीर वाटायचे, चीज वितळवायचे

एका मैत्रिणीने मला विचारले, "पनीर वाटत कशाला बसतेस? टाक की सूपमध्ये, वितळेल." वितळत नाही. पालक-पनीर करताना तुकडे शेवटपर्यंत तुकडेच राहतात, हे आपण रोज पाहतो. पनीर लिंबू किंवा व्हिनेगरसारख्या आंबट पदार्थाने दूध फाडून करतात. त्या आंबटपणाने दुधाच्या प्रथिनांना धरून ठेवणारे कॅल्शियम बरेचसे निघून जाते आणि प्रथिने एकमेकांना घट्ट बिलगून बसतात. मग ती उष्णतेने सैल होत नाहीत. म्हणून पनीरला मिक्सरच लागतो.

चीजचे तसे नाही. ते रेनेट नावाच्या विकराने दूध साकळवून करतात, त्यात कॅल्शियम टिकून राहते आणि गरम केल्यावर ते मऊ होते. पण आच जास्त झाली की प्रथिने आकसतात, चरबी सुटते, आणि सूपमध्ये रबरासारख्या तारा आणि वर तेलाचा तवंग दिसतो. प्रोसेस्ड चीजमध्ये हे होऊ नये म्हणून विशिष्ट क्षार घातलेले असतात, म्हणून सूपला तेच सोपे पडते. तरीही गॅस बंद करूनच घाला.

आणखी दोन चुका माझ्या हातून झाल्या, तुमच्या होऊ नयेत. पहिली, रंगासाठी टोमॅटो घातला. आंबटपणाने दूध फाटले आणि सूपमध्ये पांढऱ्या गुठळ्या तरंगू लागल्या. दुसरी, घरी पनीर केल्यावर उरलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून तेच सूपमध्ये वापरले. तेही आंबट असते, पुन्हा तेच झाले. ते पाणी कणीक भिजवायला वापरा, चपात्या मऊ होतात.

पनीर विकत की घरचे?

बाजारात हल्ली पनीरसारखे दिसणारे, पण दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल घालून केलेले उत्पादनही मिळते. त्याला 'ॲनालॉग' म्हणतात. ते विकायला बंदी नाही, पण पाकिटावर तसे लिहिणे कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा पाकीट घेताना पुढची मोठी अक्षरे नव्हे, मागची बारीक अक्षरे वाचा. सुटे पनीर घेतले तर वाचायला काहीच नसते. एक सोपी चाचणी घरी होते : पनीरचा तुकडा पाण्यात उकळून थंड करा आणि त्यावर टिंक्चर आयोडिनचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला तर त्यात पिष्ट मिसळले आहे. चाचणी केलेला तुकडा मात्र फेकून द्या. तेलाची भेसळ असल्यास ती या चाचणीत कळत नाही.

सगळ्यात निर्धास्त ते घरचे. म्हशीचे किंवा फुल क्रीम दूध एक लिटर उकळा, गॅस बंद करून दोन मिनिटे थांबा, मग दोन चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून हळूहळू घाला. हिरवट पाणी वेगळे झाले की थांबा. फडक्यात गाळून एकदा गार पाण्याखाली धरा म्हणजे आंबटपणा जाईल. सूपसाठी दाबून वडी करायचीही गरज नाही. एका लिटरला दोनशे ग्रॅमच्या आसपास पनीर निघते, म्हणजे आपल्या सूपला दोन वेळा पुरते.

चीज हलाल आहे का?

हा प्रश्न मला बऱ्याच भगिनी विचारतात, आणि विचारायलाच हवा. वर ज्या रेनेटचा उल्लेख केला, ते पूर्वी वासराच्या जठरातून काढत. युरोपातल्या काही चीजमध्ये आजही तेच वापरतात. इटलीचे पार्मिजानो रेज्जानो तर नियमानेच वासराच्या रेनेटपासून करावे लागते. भारतात मात्र पाकिटावर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असेल, तर त्यात जनावराच्या अवयवापासून काढलेला घटक चालत नाही. अशा चीजमध्ये सूक्ष्म जीवांपासून तयार केलेले रेनेट असते. तेव्हा आपल्या किराणा दुकानातल्या हिरव्या ठिपक्याच्या चीजबाबत रेनेटची शंका धरण्याचे कारण नाही. परदेशातून कुणी चीज आणले, तर घटकांची यादी वाचा आणि शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा.

तसे चीज आपल्याला नवे नाही. तबूकच्या मोहिमेत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे पनीर आणले गेले, तेव्हा त्यांनी सुरी मागवली आणि अल्लाहचे नाव घेऊन ते कापले, असे अबू दाऊदमधील हदीसवरून कळते. आणि 'पनीर' हा शब्दच मुळी फारसीतून उर्दूत आणि तिथून मराठीत आला. फारसीत तो सगळ्याच प्रकारच्या चीजला लागू आहे.

मग यखनी आणि पाया?

आपल्या घरात आजारी माणूस म्हटला की यखनी किंवा पायाचे सूप ठरलेले. त्याची चव, त्याची ऊब, त्याने येणारी तरतरी, यांत शंका नाही. पण शिक्षिकेच्या सवयीने सांगते : यखनीच्या नितळ पाण्यात प्रथिने थोडी असतात, खरी ताकद त्या गोश्तमध्येच राहते, जे आपण गाळून बाजूला काढतो. ते गोश्त मऊ शिजवून, हाडे नीट वेचून, मिक्सरमधून काढून पुन्हा यखनीत घाला. मग ती यखनी खरी. पायाच्या सूपचा चिकटपणा जिलेटिनचा असतो. तेही प्रथिनच, पण अपुरे. शरीराला बाहेरूनच घ्यावे लागणारे ट्रिप्टोफॅन त्यात नसते. म्हणून पाया जरूर प्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका, सोबत डाळ, अंडे किंवा दूध हवे.

ज्यांना चीज परवडत नाही किंवा आवडत नाही, त्यांनी ते वगळून दोन अंडी फेटून उकळत्या डाळ-भाजीच्या सूपमध्ये बारीक धारेने सोडावीत आणि ढवळत राहावे. दूध आणि पनीर त्यानंतर, वर सांगितल्याप्रमाणे. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम प्रथिने मिळतात, चीजच्या दोन क्यूबपेक्षा कमी नाहीत.

आजाऱ्याला पातळ, पण सत्त्व असलेले देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. सातूच्या पिठाची तलबीना हजरत आयेशा (रजि.) आजाऱ्यासाठी आणि दुःखात असलेल्यांसाठी करायला सांगत, हे बुखारीत आले आहे. तिच्या दुधासारख्या पांढऱ्या रंगावरूनच तिला ते नाव पडले.

रमजानसाठी थोडेसे

सध्या रमजान थंडीच्या दिवसांत येतो आहे, म्हणजे या सूपच्या भाज्या तेव्हा हाताशी असतील. इफ्तारला खजूर आणि पाण्यानंतर भजी-समोशांवर तुटून पडण्याआधी एक वाटी हे सूप घ्या. पोटाला आधार मिळतो आणि तळलेले आपोआप कमी खाल्ले जाते. सहरीला करायचे असेल तर चीज एकच क्यूब घाला, नाहीतर मिठाने दिवसभर तहान लागेल.

नोकरी करणाऱ्या भगिनींसाठी एक युक्ती : डाळ-भाजी शिजवून, वाटून, थंड करून डब्यांत भरा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. दूध, पनीर आणि चीज मात्र रोज ताजे, गरम करताना घाला. तयार सूप फ्रीजमध्ये दोन दिवसांहून जास्त ठेवू नका आणि पुन्हा तापवताना खळखळ उकळू नका.

सांभाळून कुणी घ्यावे?

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावेच, त्यांचे प्रमाण वेगळे असते. रक्तदाब असलेल्यांनी चीज कमी करून पनीर वाढवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या आत हवे, आणि प्रोसेस्ड चीज त्यातला बराच वाटा घेऊन बसते. दूध पचत नसेल तर दुधाऐवजी पाणी घाला. चीजमध्ये दुधातली साखर फारच थोडी उरते, त्यामुळे ते बहुतेकांना बाधत नाही. आणि एखाद्या वृद्धाला पातळ पदार्थ घेताना वारंवार ठसका लागत असेल, तर तो गिळण्याचा त्रास असू शकतो. तिथे सूपची पाककृती नव्हे, डॉक्टर हवा.

एक गोष्ट डॉक्टरबाईंनी पुन्हा पुन्हा बजावली. नुसते खाऊन स्नायू परत येत नाहीत, त्यांना काम द्यावे लागते. त्यांनी अम्मीला खुर्चीवरून हात न टेकता उठायचे आणि बसायचे, असे दिवसातून दोन वेळा दहा-दहा दा करायला सांगितले. पहिल्या दिवशी दोन झाले. ती रागावली, "शाळेतल्या पोरांची शिक्षा मला देतेस?" मी म्हटले, "हो, आणि हजेरीही घेणार."

चार महिने झाले. अम्मी सकाळ-संध्याकाळ एकेक वाटी सूप घेते. त्यातून २८ ग्रॅम, आणि बाकीच्या खाण्यातून जे मिळते ते धरून गरज भागते. वजन साडेसेहेचाळीस झाले आहे. सूपने चमत्कार केला, असे मी म्हणणार नाही. फर्ज नमाज ती अजून खुर्चीवरच पढते. पण परवा मगरिबच्या वेळी मी स्वयंपाकघरात होते, बाहेर येऊन पाहिले तर ती जमिनीवर जानमाज अंथरून बसली होती. पलंगाच्या काठाला हात लावून ती स्वतः उठली. मी धावले नाही. दारातच उभी राहिले.

आता आमच्या पातेल्यात रोज दोन वाट्या जास्त असतात. रस्सा करताना पाणी थोडे वाढवावे आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवावी, अशी शिकवण प्रेषितांनी (स.) हजरत अबू झर (रजि.) यांना दिली होती. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. खालच्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहतात. मुलगा आखातात, दात एकही नाही. त्यांच्या बटव्यातही रोज चहा-खारीच असायची. त्यांचा डबा माझी धाकटी घेऊन जाते. पाणी वाढवायचे खरे, पण मी त्याबरोबर मूठभर डाळही वाढवते. नुसते पाणी वाढवून काय होते, ते मी घरातच पाहिले आहे.

काल तिने रिकामा डबा परत आणला आणि म्हणाली, "नानांनी विचारलंय, उद्या मिरी जरा जास्त चालेल का?" अम्मीने कान टवकारले आणि आतून आवाज दिला, "त्यांना सांग, माझ्या वाटीतपण!"